जाड रेघ, बारीक रेघ : ड्रॉइंग बोर्डामागच्या गोष्टी

वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग पोचतं तेव्हा ते स्वच्छ असतं. त्यासाठी शाई किती वेळा ब्लेडनं खरवडली, हे फिटरला कधी कळत नाही. नगरच्या एमआयडीसीत मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. ट्रेसिंग पेपर, मिनी ड्राफ्टर आणि रॉटरिंगची पेनं, एवढ्यावर सगळं काम चालायचं. पेनांचे रंग ठरलेले होते : ०.२५ पांढरा, ०.३५ पिवळा, ०.५ तपकिरी, ०.७ निळा. ‘तपकिरी दे रे’ असा आवाज आला, की आता आउटलाइन चढणार हे नवख्या पोरालाही समजायचं.

या आकड्यांमागचं गणित आमच्या सीनियरनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड असतं आणि कागदाचे आकारही त्याच हिशेबानं वाढतात. ए-१ ची शीट लहान करून ए-२ वर घेतली, की ०.५ ची रेघ ०.३५ ची होते. त्या प्रिंटवर दुरुस्ती करायची तर तेवढ्याच जाडीचं पेन डब्यात तयार असतं. नियम साधा होता. दिसणारी कड जाड. मापाच्या रेघा, सेंटर लाइन आणि हॅचिंग तिच्या निम्म्या जाडीचं. झाकली गेलेली कड तुटक.

नियम पाठ व्हायला एक दिवस पुरतो, हाताला वळण लागायला मात्र महिने जातात. सीनियरची परीक्षा अशी : ट्रेसिंग भिंतीवर टेपनं चिकटवायचं, चार पावलं मागं यायचं, डोळे किलकिले करायचे. मग ते विचारायचे, ‘आधी काय दिसलं?’ जॉबचा आकार दिसला तर ट्रेसिंग अमोनिया प्रिंटला जायचं. आधी मापांची जाळी दिसली, तर ते पुन्हा बोर्डावर यायचं.

ही शिस्त कशासाठी, हे मला कळलं ते एका च्युटच्या कामात. आमचा जिल्हा साखरेचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला, १९५० मध्ये तो सुरू झाला, आणि मग तालुक्यातालुक्यांत धुराडी दिसू लागली. गळीत हंगाम तोंडावर आला, की फॅब्रिकेशनवाल्यांना रात्रीचाही दिवस करावा लागतो. अशाच एका गडबडीत बाहेरून एक ड्रॉइंग आलं. प्लेट जिथं वाकवायची, ती रेघ कडेइतकीच जाड मारलेली होती. मार्किंग झालं, गॅस कटर फिरला आणि अखंड प्लेटचे दोन तुकडे झाले. वादावादी सुरू झाली तेव्हा कटिंगवाले मामा शांतपणे म्हणाले, ‘कडेची रेघ दिसली, म्हणून कापली. वाकवायचं होतं तर बारीक मारायची होती.’ त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कागदावरची जाडी ही कारागिराला दिलेली आज्ञा असते.

पुढे कॅड आलं. पडद्यावर रेघेचा रंग ठरवायचा आणि त्या रंगाची जाडी प्लॉटरच्या सेटिंगमध्ये भरायची. एकदा घाईत नुसती ड्रॉइंगची फाइल प्रिंटवाल्याकडे गेली, सेटिंगची फाइल इकडेच राहिली. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या छापून आल्या. एकही माप चुकलेलं नव्हतं, तरी शॉप फ्लोअरवरून फोन आला, ‘यातला जॉब कुठला आणि मापं कुठली?’

आता संध्याकाळी माझ्याकडे मुलं शिकायला येतात, आयटीआयची आणि चित्रकलेचीही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना वस्तुचित्र चांगलं जमतं, पण एक खोड हमखास असते : चित्र संपत आलं, की सगळी कड एकसारखी काळी गिरवायची. आयटीआयच्या मुलांची रेघ बिनचूक असते, पण हातानं स्केच काढायला सांगितलं की ती बुजतात. म्हणून दोघांनाही शेजारी शेजारी बसवतो.

पहिले काही दिवस फक्त रेघा. पेन्सिल ओढायची, ढकलायची नाही. ओढताना ती बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि रेघेची जाडी शेवटपर्यंत टिकते. टोक बसलं की पॉलिश पेपरवर घासायचं. गोल आणि कमानी आधी, सरळ रेघा नंतर, कारण कमानीला सरळ रेघ जोडणं सोपं आणि उलट जोडायला गेलं की सांध्यात गाठ दिसते.

हात बसला, की रसवंतीच्या चरकापुढं उभं करतो. एका चक्राचे दात दुसऱ्यात शिरतात, तिथं सगळ्यात जाड रेघ. मागे गेलेल्या चक्राची कड बारीक. जिथं ऊन पडलंय, तिथं रेघ जवळजवळ सोडून द्यायची.

त्यानंतर टँक म्युझियम. १९९४ साली उघडलेल्या या लष्करी संग्रहालयात चर्चिल रणगाडा आहे. त्याच्या एका बाजूला अकरा छोटी चाकं, ओळीनं. मुलं अकराच्या अकरा चाकं सारखीच काळी करतात आणि एवढं अजस्र धूड कागदावर तरंगायला लागतं. मी म्हणतो, चाकांना हात लावू नका, चाकांमधल्या फटी बघा. फटी गडद केल्या, पट्टा जमिनीला टेकतो तिथं रेघ दाबली आणि वरच्या चिलखताची कड हलकी ठेवली, की रणगाडा बूड टेकून बसतो. एका मुलीनं तर पट्ट्याच्या फक्त चार-पाच कड्या नीट काढल्या, बाकीच्या बारीक रेघांत सुचवल्या. बघणाऱ्याला पट्टा पूर्ण दिसत होता.

चित्रकाराची रेघ वजन सांगते, ड्राफ्ट्समनची रेघ काम सांगते. पण हात लावण्याआधी दोघांनाही हे ठरवावं लागतं, की बघणाऱ्याच्या नजरेला आधी काय पडलं पाहिजे. आपल्याकडे चित्रकला एका इमारतीत शिकवतात आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग दुसऱ्या इमारतीत, त्यामुळे हा धडा दोघांनाही अर्धाच मिळतो. कला महाविद्यालयाच्या मुलांनी महिन्यातून एक दिवस वर्कशॉपमध्ये काढावा, आयटीआयच्या मुलांनी एक दिवस स्केचबुक घेऊन बाहेर पडावं. याला पैसा लागत नाही, दोन शिक्षकांनी आपसात ठरवलं की झालं.