मठापासून पारापर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील अविवाहित पुरुष

मराठवाड्याच्या कुटुंबजीवनावर गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, त्यात विधवा, परित्यक्ता, देवाला वाहिलेल्या मुरळ्या आणि बालवयात संसारात पडलेल्या मुली यांच्याकडे मुख्यत्वे लक्ष दिले गेले, आणि ते योग्यच होते, कारण विवाहसंस्थेचा सर्वांत मोठा जाच त्यांच्याच वाट्याला आला. याच संस्थेच्या बाहेर राहिलेला पुरुष मात्र एक तर संतचरित्रांत आढळतो, नाही तर विनोदी सदरांत. या दोहोंच्या मधल्या जागेत त्याचा गंभीर विचार जवळजवळ झालेला नाही. धाराशिव जिल्ह्यापुरता हा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्याने लग्न नाकारले त्याला या भूमीने डोक्यावर घेतले, त्याच्यासाठी मठ, गादी, समाधी आणि शाळा उभ्या केल्या. परंतु ज्याचे लग्न राहून गेले त्याच्यासाठी तिने मानाची अशी जागा कधीही निर्माण केली नाही. आज जिल्ह्यातील गावोगावच्या पारांवर दिसतो तो हा दुसरा पुरुष आहे.

आश्रमव्यवस्था, नैष्ठिक ब्रह्मचर्य आणि पितृऋण यांची चर्चा पुष्कळ झालेली असल्याने तिच्यात येथे शिरण्याचे कारण नाही. लोकसमजुतींकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. मुंज झालेला परंतु सोडमुंज व लग्न होण्यापूर्वीच मेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो, ही समजूत सर्वश्रुत आहे. तिसरे लग्न अशुभ मानून विधुराचे तिसरे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावण्याची, म्हणजे अर्कविवाहाची, रूढीही याच विचारविश्वातली आहे. तुळजाभवानीला कुलदैवत मानणाऱ्या घरांत लग्नानंतर देवीचा गोंधळ घालणे हा कुलाचार असल्याने, मुलाचे लग्न राहिले की देवीचे देणेही राहिले, अशी बोच घरातल्या थोरांच्या मनाला लागून असते. दुसऱ्या बाजूने, लग्न लागण्यापूर्वी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्या मिरवणुकीला या भागात परण्या म्हणतात. संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाला पहिला आशीर्वाद ब्रह्मचारी देवाकडून घेण्यास लावणारी ही प्रथा अविवाहित अवस्थेविषयीच्या आदराची मोठीच साक्ष आहे. आदर आणि भय यांची अशी सरमिसळ ज्या समाजात आहे, तेथे बिनलग्नाच्या पुरुषाकडे सर्वकाळ तुच्छतेनेच पाहिले जाई, हे अलीकडे वारंवार केले जाणारे विधान टिकत नाही. ते करणाऱ्यांनी जिल्ह्यातील तीन ठिकाणे तरी नीट पाहिली पाहिजेत.

पहिले ठिकाण म्हणजे भूम तालुक्यातील कुंथलगिरी. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींचे मोक्षस्थान म्हणून जैन परंपरेत हे सिद्धक्षेत्र, म्हणजे मुनींना जेथे मुक्ती मिळाली असे तीर्थ, मानले जाते. या दोघा राजपुत्रांची पुराणकथा विवाहाच्या इच्छेपासूनच सुरू होते: विद्या संपवून नगरीत परतताना गवाक्षात दिसलेल्या एकाच तरुणीवर दोघांचे मन जडते, भावाभावांत मत्सर उत्पन्न होतो, आणि ती आपलीच बहीण असल्याचे कळताच दोघेही विरक्त होऊन दीक्षा घेतात. वासना, लज्जा आणि त्याग यांचा इतका थेट संबंध सांगणारी कथा लोकमनात शतकानुशतके का टिकली, हे कुंथलगिरीचा डोंगर चढणाऱ्या भाविकांची श्रद्धा पाहिली की समजते. याच क्षेत्री 1955 मध्ये आचार्य शांतिसागर यांनी सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाक्रमाने सोडून स्वीकारलेले व्रतस्थ मरण, पत्करली. 1872 मध्ये बेळगाव भागात जन्मलेल्या या आचार्यांचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी लावून देण्यात आले होते. काही महिन्यांतच ती बालवधू वारली आणि पुढे घरच्यांनी आग्रह करूनही त्यांनी दुसरे लग्न केले नाही. दिगंबर मुनिपरंपरेला विसाव्या शतकात ज्यांनी नवे तेज दिले, त्यांच्या आयुष्याचा ओघ अशा एका नकारातून वळला, आणि त्या आयुष्याची अखेर धाराशिव जिल्ह्याच्या मातीत झाली, याची नोंद जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात ठसठशीतपणे व्हायला हवी होती.

दुसरे ठिकाण परंडा तालुक्यात, सीनेच्या काठी वसलेले डोमगाव. समर्थ रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी येथे आहे. समर्थ स्वतः मराठवाड्यातील जांबचे, बोहल्यावरून निघून गेलेले. त्यांच्यामागे आजन्म अविवाहित राहून सेवेत झिजलेले कल्याणही अखेर मराठवाड्यातच स्थिरावले, ही संगती लक्षात घेण्यासारखी आहे. दासबोधाची, कल्याणांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी प्रत डोमगावच्या मठाने पिढ्यान्पिढ्या जपली. येथे मुद्दा भक्तीइतकाच व्यवस्थेचा आहे. रामदासी मठात अविवाहित माणसाला निवारा होता, भिक्षेच्या रूपाने अन्नाची सोय होती, ग्रंथ उतरवून काढण्याचे आणि उपासना चालवण्याचे रोजचे काम होते, आजारपणात पाहणारे गुरुबंधू होते, आणि मृत्यूनंतर पुण्यतिथी करणारी शिष्यपरंपरा होती. मुलाबाळांकडून गृहस्थाला जे मिळते, ते सगळे मठ त्याला देई. पुढे अनेक मठांत गृहस्थ महंत आले आणि वारसाचे तंटेही झाले. तथापि त्यामुळे मूळ रचनेचे शहाणपण कमी होत नाही. उमरगा-लोहारा पट्ट्यातील लिंगायत समाजात गृहस्थ जंगम पुरोहितांबरोबर विरक्तांचा, म्हणजे संसार न करणाऱ्या स्वामींचा, जो वेगळा वर्ग आढळतो, त्यालाही हेच लागू पडते. तुळजापूरच्या भारतीबुवांच्या मठात देवी स्वतः सारीपाट खेळायला येते, ही आख्यायिका तर विरक्त पुरुषाला लोकांनी किती जवळचे स्थान दिले याचे बोलके उदाहरण आहे.

तिसरे ठिकाण आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा. निजामी राजवटीत, 1921 मध्ये, येथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि त्या दशकाच्या अखेरीस व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण तिचा मुख्याध्यापक झाला. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर विद्यार्थिदशेतच त्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले होते. हिप्परग्याच्या वास्तव्यात त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, 1938 चा हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, कारावास आणि 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. त्या क्रमात झाकोळली गेलेली गोष्ट अशी की, हिप्परग्याने मठाची जुनी रचना नव्या कामासाठी वापरली: शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहात, गरजा थोड्या असत, आणि संसार न मांडलेला माणूस आपले पूर्ण आयुष्य एका सार्वजनिक कामाला देऊ शके. येथून पुढे पूर्णवेळ कार्यकर्त्याची जी परंपरा मराठवाड्यात चालली, तिच्यात सर्व विचारांचे अविवाहित पुरुष होते, आणि त्यांचे लग्न का झाले नाही असा प्रश्न त्यांना कोणी कमीपणाने विचारीत नसे. संन्यासाची वस्त्रे म्हणजे राजकारणासाठी घेतलेले सोंग, असे या परंपरेचे वर्णन काही विद्वानांनी केले आहे. ते अन्यायाचे तर आहेच, शिवाय ज्या खेड्यांनी या माणसांना जेवू घातले त्यांच्या समजुतीचाही तो अपमान आहे.

या थोर मंडळींच्या आडोशाला दुसराही एक अविवाहित पुरुष नेहमीच होता. एकत्र कुटुंबातला बिनलग्नाचा चुलता आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, निजे, गुरे सांभाळी, पुतण्यांना खांद्यावर घेऊन जत्रेला नेई, आणि त्याचा वाटा शेवटी पुतण्यांकडेच जाणार, असे घरात गृहीत धरलेले असे. पूजेला जोडप्याने बसायचे असल्याने त्याला मान नसे, पण ताट असे. अशांची संख्या फार वाढत नसे, याचे एक कारण आते-मामे विवाहाची, म्हणजे भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला देण्याची, पद्धत हे होते. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या आपल्या अभ्यासात मराठी मुलखाच्या या वैशिष्ट्याची सविस्तर मांडणी केली आहे, आणि कानडी सीमेलगतच्या गावांत तर बहिणीची मुलगी करण्याचीही चाल होती. बाशिंगबळ कितीही जड असले तरी मामाचे घर हा शेवटचा आधार असे. मामांच्या घरी मुली थोड्या झाल्या, असलेल्या शिकल्या, आणि हा आधार संपला. मुलींना नात्यातल्या सक्तीतून मोकळीक मिळाली, हे उत्तमच झाले. त्या आधाराच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

शहरी साहित्याने आणि चित्रपटांनी या विषयाला फारसे काही दिले नाही. ‘संगीत शारदा’मधील म्हाताऱ्या नवऱ्यापासून 1938 च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटापर्यंत बहुतेक ठिकाणी लग्नाविना राहिलेला किंवा लग्नाळू पुरुष हसण्याचाच विषय राहिला. अलीकडच्या ‘नवरदेव बी.एस्सी. अॅग्री’ने शेतकरी नवऱ्याला मुलगी मिळत नाही हे पडद्यावर आणले, आणि ‘स्थळ’ने तोच व्यवहार मुलीच्या बाजूने, अधिक खोलवर जाऊन दाखवला.

आजच्या परिस्थितीचे मूळ मात्र गणितात आहे. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हे प्रमाण 913 होते, 2011 मध्ये ते 894 वर आले, आणि धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात तर ते 807 इतके खाली घसरले. 2001 मध्ये मोजली गेलेली ती मुले आज चोविशी-तिशीत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयात, आहेत. त्यात नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असावा ही रीत असल्याने, जननदर घटत असताना प्रत्येक वर्षीच्या मुलग्यांना त्यांच्यापेक्षा लहान, आणि म्हणून संख्येनेही कमी, अशा मुलींच्या पिढीतून वधू शोधावी लागते. या दुहेरी टंचाईला विवाहकोंडी म्हणता येईल. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने, 1988 मध्ये, केला, केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही सोनोग्राफीच्या यंत्राने दोन दशके आपले काम केले, आणि मुलगी नको म्हणणाऱ्या घरांतच आज सून मिळेनाशी झाली आहे.

ही कोंडी सर्वांना सारखी जाणवत नाही. बालाघाटच्या पट्ट्यातील भूम, वाशी, कळंब भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, जोडीलाच पुरेशी मिळते. म्हणून तेथे मुलामुलींची लग्ने वयाआधी उरकली जातात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरापूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के, तर शेजारच्या बीडमध्ये 43.7 टक्के आढळले. याच्या उलट, चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, बारावी किंवा पदवीपर्यंत शिक्षण आणि नोकरी नाही, अशा मधल्या शेतकऱ्याचा मुलगा पस्तिशी ओलांडतो. मजुरी करणाऱ्यांत लग्न लवकर आणि जमीनधारकांत लग्नच नाही, हे चित्र पूर्वीच्या समजुतींना पूर्णपणे छेद देणारे आहे. शिवाय मुली कमी झाल्या म्हणून हुंडा गेला, असेही झाले नाही, कारण सगळी स्थळे नोकरदार मुलाकडे धावतात आणि त्याचा भाव चढाच राहतो. शेतकऱ्याच्या मुलाच्या घरी मात्र उलट मुलीकडच्यांचा खर्च उचलण्याची तयारी असते, आणि त्यातूनच दलालांमार्फत परमुलखातून बायको आणण्याचे, पुढे फसवणुकीच्या तक्रारींचे, प्रकार घडतात.

मुलींच्या अपेक्षा अवाच्या सवा वाढल्याने हे झाले, असे व्यासपीठांवरून सांगणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे, आणि त्यांत कुटुंबसंस्थेचे अभ्यासक म्हणवणारेही आहेत. हे मत केवळ चूक नाही, ते अपायकारक आहे. ज्या मुलीने 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या, 2012-13 आणि 2015-16 मध्ये टँकरमागे स्वतः घागर घेऊन धावली, सोयाबीनचा भाव पडताना पाहिला, आणि शेजारच्या घरात कर्जापायी आत्महत्या झालेली पाहिली, तिने पाणी आणि पगार असलेले घर मागितले तर तिने विवेकच दाखवला. तिच्या नकाराचा रोष तिच्यावर काढण्याऐवजी नकाराची कारणे जमिनीत, पाण्यात आणि बाजारभावात शोधली पाहिजेत. सोलापूरच्या तरुणांनी ही गोष्ट पंडितांपेक्षा अधिक नेमकी ओळखली होती. 21 डिसेंबर 2022 रोजी ज्योती क्रांती परिषद या संघटनेच्या पुढाकाराने तेथे मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कठोर अंमलबजावणीची मागणी केली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोक हसले. मागणीकडे थोड्यांचेच लक्ष गेले. स्वतःचे दुःख चारचौघांत मांडण्याची एवढी हिंमत ज्यांनी दाखवली, त्यांची चेष्टा व्हावी ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नव्हती.

गावातली वागणूकही अशीच आहे. तिशी उलटली की बिनलग्नाच्या पुरुषाला लग्नाच्या पंगतीत वाढायला बोलावतात, बैठकीत विचारीत नाहीत. नव्याने लग्न झालेल्या घरी त्याचे जाणे-येणे संशयाने पाहिले जाते. दोष पत्रिकेत, व्यसनात, नाही तर पुरुषत्वात शोधला जातो. जातीची कुंपणे मात्र कोणी ओलांडू देत नाही, आणि पोटजातीतच मुलगी हवी या हट्टापायी असलेल्या मुलीही आवाक्याबाहेर राहतात. मठ आज उत्सवापुरते जागे होतात, पूर्णवेळ कार्यकर्ता नाहीसा झाला, एकत्र कुटुंब वाटण्यांत विरघळले. त्यामुळे पूर्वी बिनलग्नाच्या माणसाला सामावून घेणाऱ्या तिन्ही जागा एकाच पिढीत गेल्या.

यापुढचा प्रश्न या पुरुषांच्या म्हातारपणाचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार अविवाहित पुरुषाची मिळकत प्रथम आईकडे, ती नसल्यास वडिलांकडे आणि मग भावा-बहिणींकडे जाते; ज्यांनी शेवटी त्याला सांभाळले त्यांचे नाव त्यात असेलच असे नाही, आणि मृत्युपत्र करण्याची सवय खेड्यात नाही. त्याच वर्षीचा दत्तक कायदा अविवाहित पुरुषाला मूल घेण्याचा अधिकार देतो, मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांच्या वयात एकवीस वर्षांचे अंतर असावे लागते. पण अनाथालयातील मुलांसाठीच्या नियमांत एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही, आणि भाऊबंदकीत वाटणीवर नजर असल्याने घरातले मूलही त्याला सहसा मिळत नाही. निराधारांसाठीच्या शासकीय योजनांची रचना विधवा, परित्यक्ता आणि वृद्ध यांना समोर ठेवून झालेली आहे. पन्नाशीतला, आजारी, आईच्या मृत्यूनंतर एकट्या घरात राहिलेला शेतकरी तीत सहज बसत नाही. 2011 मध्ये मोजली गेलेली मुले 2030 नंतर लग्नाच्या वयात येतील, त्यांच्यात मुलींचे प्रमाण आणखी कमी आहे, आणि जिल्ह्याच्या नियोजनाच्या कोणत्याही आराखड्यात या पुरुषांचा वेगळा विचार अद्याप सुरू झालेला नाही.