आमचं मुरुड, त्यांचं मुरुड आणि भरतीचं गणित

मी लातूरच्या मुरुडचा. पाणी पाहिलं ते विहिरीचं. परवा रायगडच्या मुरुडला गेलो आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला निघालो.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर हिरवा, ओला पट्टा दिसला. नावाडीमामा म्हणाले, "भरतीचं पाणी इथवर येतं."

त्यांच्याकडून शिकलेलं आणि नंतर वाचलेलं इथे देतोय.

🌊 तिथीला पाऊणने गुणा, कोकणात पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी.

🌊 अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी शांत.

🌊 पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढतं किंवा उतरतं. खाडीच्या अरुंद तोंडाशी तेव्हाच ओढ सर्वात जोरात असते. छोटी होडी तेव्हा नेऊ नका.

🌊 वारा एकीकडून आणि ओढ समोरून आली की लाटा उभ्या राहतात. वारा बेताचा वाटला तरी थांबा.

पंचांगावर अंदाज बांधा, पण निघताना त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक पाहाच. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका.