श्लीमन बचाव : टोरांटो येथील एक डाव
दि. 6 एप्रिल 2024 रोजी टोरांटो येथील कँडिडेट्स स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नाशिकचे विदित गुजराथी हे पांढऱ्या मोहऱ्यांनी आर. प्रज्ञानंद यांच्याशी खेळले. आदल्याच दिवशी त्यांनी काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुरा यांना नमविले होते. रुय लोपेझ पद्धतीतील तिसऱ्या खेळीस प्रज्ञानंद यांनी राजाच्या उंटापुढील प्यादे दोन घरे सारले. हाच श्लीमन अथवा येनिश बचाव. त्यास बचाव म्हणावयाचे ते नावापुरतेच! पांढऱ्याने हे प्यादे मारल्यास काळ्याचे राजापुढील प्यादे पुढे सरकून घोड्यास हुसकावते. पट्टी खुली झाल्यास किल्लेकोटानंतर हत्तीस वाव मिळतो. मात्र काळ्या राजाकडे जाणारे तिरके मार्ग उघडे पडतात, म्हणूनच अव्वल खेळाडू या वाटेने क्वचितच जातात. त्या दिवशी डाव प्रज्ञानंद यांनी जिंकला.