चित्र साठवताना काय हरवते?

समजा, शाळेच्या जुन्या समूहछायाचित्राची प्रत आपण स्कॅनरने संगणकात घेतली. ती जेपेग प्रकारची फाइल आहे. आज ओरखडे पुसून ती साठवली. उद्या उघडून कडा कापल्या, पुन्हा साठवली. परवा उजेड वाढवला, फाइल लहान व्हावी म्हणून दर्जा थोडा उतरवला आणि पुन्हा साठवली. ओरखडे गेले, पण तळाशी छापलेल्या नावांची अक्षरेही पुसट झाली. असे का व्हावे?

संगणकातले चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक चित्रबिंदूसाठी लाल, हिरवा व निळा या रंगांचे तीन आकडे असतात आणि प्रत्येक आकड्याला सामान्यतः १ बाइट जागा लागते. १६०० × १२०० बिंदूंच्या चित्राला त्यामुळे ५७,६०,००० बाइट लागतील. जेपेगमध्ये हेच चित्र अनेकदा याच्या दहाव्या हिश्शात मावते. ही बचत फुकट होत नाही.

१९९२ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौरस पाडतात. चौरसातल्या ६४ आकड्यांऐवजी दुसरे ६४ आकडे काढतात. त्यांतले काही संथ बदल सांगतात, तर काही बारीक रेघा व अक्षरांच्या कडा. हे रूपांतर करणारे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. अहमद यांचा जन्म बंगळूरचा.

इथवर फारसे काही हरवत नाही. पुढच्या पायरीत प्रत्येक आकड्याला ठरावीक भाजकाने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात घेतात. डोळ्याला बारीक बदल कमी जाणवतात, म्हणून त्यांचे भाजक मोठे ठेवतात. त्यांची उत्तरे बहुधा शून्य येतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते. जागा वाचते ती इथेच, आणि बारकावे जातात तेही इथेच.

वर्गात करून पाहा

फळ्यावर ४४ लिहा. १० ने भागा: ४.४, म्हणजे ४. पुन्हा १० ने गुणा: ४०. आता पुन्हा १० ने भागून गुणले तर ४० च राहतात. पण भाजक १२ घेतला तर ४० चे ३६ होतात. मूळचा आकडा ४४ होता, हे ३६ वरून कोणालाच सांगता येणार नाही.

यावरून दोन गोष्टी कळतात. चित्र न बदलता त्याच दर्जाने पुन्हा साठवले, तर नुकसान फार थोडे होते. मात्र दर्जा बदलला की भाजक बदलतात. कडा कापल्या की चौरसांच्या सीमा सरकू शकतात. उजेड वाढवला की आकडेच बदलतात. तेव्हा प्रत्येक वेळी नवी घट होते. नंतर दर्जा १०० केला तरी गेलेले परत येत नाही. फाइल नुसती उघडून पाहण्याने किंवा तिची नक्कल करण्याने मात्र काहीच बिघडत नाही.

मग साठवावे कसे?

मूळ फाइल वेगळ्या नावाने जपावी. तिच्यावर कधीही साठवू नये. काम चालू असताना चित्र त्या प्रणालीच्या स्वतःच्या प्रकारात ठेवावे: फोटोशॉपमध्ये पीएसडी, गिंपमध्ये एक्ससीएफ. त्यात आकडे जसेच्या तसे राहतात आणि चित्राचे थरही वेगळे राहतात. जेपेगमध्ये सगळे थर एकत्र होतात.

गिंप ही मोफत मिळणारी प्रणाली शाळांना सोयीची आहे. तिच्या २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीपासून ‘सेव्ह’ ही आज्ञा फक्त एक्ससीएफ फाइल साठवते. जेपेगसाठी ‘एक्स्पोर्ट’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. विद्यार्थ्यांना ही अडवणूक वाटते, पण त्यामागचे कारण आता आपल्याला समजले आहे. जेपेग ही वाटायची प्रत, कामाची नव्हे. ती सर्वांत शेवटी, एकदाच काढावी. अक्षरे किंवा आकृत्या असलेले चित्र पीएनजी प्रकारात दिले तर कडा स्वच्छ राहतात, कारण त्यात अशी घट होत नाही.

जुन्या छायाचित्राचा कागद उद्या फाटला, तर संगणकातली मूळ फाइल हाच त्याचा पुरावा उरेल. ती जपायला हवी.