थोर मेटल बँड कशाने ठरतो?

बोटांची तयारी आणि वेग चांगल्या हेवी मेटल बँडकडेही असतो. थोर बँड स्वतःचा नाद घडवतो आणि पुढच्यांना त्याच नादात विचार करायला लावतो. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे नेमक्या तारा दाबणाऱ्या, दोन बोटांची टोकं तुटली. त्याने बोटांवर घरी केलेली टोपणं चढवली, हलक्या तारा लावल्या आणि १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त बऱ्याच गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, दाबणं सोपं झालं, आवाज मात्र काळाकुट्ट आणि जड. डूम मेटल ही अख्खी शाखा त्या संथ जडपणावर उभी आहे. वेगाचं कौतुक करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

मग आधी आला तोच थोर का? तसं नाही. दोन गिटारींची जोडधून थिन लिझी हा रॉक बँड आधीपासून वाजवत होता. लंडनच्या आयर्न मेडनने ती उचलली, पण आपल्या स्टीव्ह हॅरिसच्या घोडदौडीसारख्या बासवर बसवली आणि ती त्यांचीच झाली. खपाचा निकषही अपुरा पडतो: मेटालिकाचा १९९१चा अल्बम त्यांचा सर्वाधिक खपाचा, तरी थ्रॅश ही मेटलची वेगवान शाखा वाजवणारे धडे गिरवतात ते १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चे.