ओल्या बोटांची परीक्षा

आषाढात भाताची लावणी सुरू झाली की पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत माणसांचे हात दिवसभर चिखलात असतात. डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद आणि खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. कळांचा फोन होता तोवर तो वाजला की अंगठा सदऱ्याला नाहीतर पदराला पुसायचा, न बघता हिरवी कळ दाबायची, की बोलणं सुरू. २०१० नंतर त्याच खिशात काचेच्या पडद्याचा फोन आला. आता फोन घ्यायचा तर पडद्यावरचं चिन्ह बोटानं सरकवायचं. पण बोट ओलं आणि काचही ओली. दोनतीनदा घासूनही चिन्ह जागचं हलत नाही, तोवर पलीकडच्यानं फोन ठेवलेला असतो.

पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या गावांत पहिल्या टचस्क्रीनबद्दलची ही ठरलेली तक्रार. दुकानदार आणि शहरातले नातेवाईक त्यावर ‘सवय होईल’ म्हणत. तंत्र समजून घेतलं तर मात्र दिसतं, की या पहिल्यावहिल्या मालकांनी फोनची दुखणी बरोबर ओळखली होती. ती ज्या जागी होती, नेमकं तिथंच त्यांनी बोट ठेवलं होतं.

दाबायची काच आणि स्पर्शाची काच

अ‍ॅपलनं पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जगासमोर आणला. भारतात अधिकृतपणे आला तो त्याच्या पुढचा आयफोन ३जी, २२ ऑगस्ट २००८ रोजी. ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. मुळशी तालुक्यातच असलेल्या हिंजवडीच्या आयटी पार्कात तो हातात दिसू शकत होता, पण डोंगरपट्ट्यातल्या गावात एवढे पैसे फोनवर कोण घालणार? तिथं टचस्क्रीन आला तो सात-आठ हजारांच्या घरातल्या फोनांमधून. त्यातले दोन पुष्कळांना आठवत असतील: २०१० चा नोकिया ५२३३ आणि २०११ च्या अखेरीस आलेला सॅमसंग गॅलेक्सी वाय. दोघांनाही टचस्क्रीनच म्हणायचे, पण दोघांच्या काचा मुळातून वेगळ्या होत्या.

नोकियाचा पडदा दाबावर चालायचा. वर एक लवचिक पातळ थर, खाली दुसरा आणि मध्ये बारीकशी पोकळी. दोन्ही थरांवर वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप. वरून दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि कुठं टेकले ते फोन मोजतो. दाबणारी वस्तू कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बोट, नख, पेनचं टोपण, काडी, काहीही चालतं. म्हणून ओल्या, मातीच्या बोटानंही तो चालायचा. याच घराण्यातल्या ५८०० एक्सप्रेसम्युझिकबरोबर तर पडद्यावर टोचायला एक काडी आणि गिटारच्या नखीसारखा एक त्रिकोणी तुकडाही मिळायचा. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. हलक्या स्पर्शाला पडदा दाद देत नसे. दाबाचं ठिकाण चुकू लागलं की सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या खुणांवर एकेक करून टोचायचं आणि फोनला पुन्हा शिकवायचं.

गॅलेक्सी वायची काच आयफोनच्या जातीची. तिच्याखालच्या पारदर्शक लेपावर बारीकसा विद्युतभार असतो. माणसाच्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यानं ते वीज वाहून नेतं. बोट काचेजवळ आलं की त्या जागचा भार किंचित बदलतो आणि फोन तो बदल टिपतो. दाबावं लागत नाही, बोट नुसतं फिरवलं तरी पुरतं. हे सुख मोठं होतं. पण पावसाचं पाणीही वीज वाहून नेतं. काचेवर थेंब पसरले की फोनला चारपाच ठिकाणी एकदम बदल जाणवतो आणि त्यातलं बोट कोणतं ते त्याला कळेनासं होतं. कोरड्या दिवसांतही अडचण होती. कुदळ-कोयता धरून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत, त्यांच्या कातडीचा वरचा मेलेला थर जाड आणि कोरडा असतो. त्यातून पोचणारा बदल क्षीण असतो आणि फोन तो सोडून देतो.

म्हणजे शेतकऱ्याचं बोट अडाणी नव्हतं. ज्या मऊ, कोरड्या बोटावर त्या काचेचं माप बसवलं होतं, ते बोट त्याचं नव्हतं, एवढंच. ताम्हिणीत एका मोसमात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथं ओलं बोट हीच रोजची स्थिती आहे.

न बघता होणारी कामं

दुसरी तक्रार नजरेची होती. २००३ साली आलेला नोकिया ११०० भारतासारख्या देशांचा विचार करूनच घडवला होता. धूळ शिरू नये म्हणून एकसंध रबरी कळा, हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा आणि टोकाला विजेरी. पाच आकड्याच्या कळीवर उंचवटा असायचा, त्यामुळे अंधारातही बोटाला ठिकाण समजे. रात्री गोठ्यात जाताना कळ दाबून धरली की उजेड पडायचा, फोनकडे पाहावंही लागत नसे.

काचेवर बोटाला कसलीच खूण लागत नाही. प्रत्येक वेळी पाहावं लागतं, आणि पाहायचं तर चष्मा लागतो. बोट टेकल्यावर फोन थरथरायचा, पण ती थरथर दाबल्याची पोच देई, काय दाबलं ते सांगत नसे. त्यात नोकियाच्या त्या फोनांमध्ये चित्रांच्या पानावर एकदा टेकवलं की काम व्हायचं, आणि नावांच्या यादीत पहिल्या टेकीला नाव नुसतं निवडलं जायचं, उघडायला पुन्हा टेकवावं लागे. एकाच फोनात दोन कायदे. वयस्कर माणसं त्यामुळे गोंधळली, तर त्यात नवल ते काय?

तिसरी तक्रार बॅटरीची. मोठा उजळ पडदा वीज खातो, हे खरंच. पण डोंगरात आणखी एक कारण होतं. टॉवर लांब किंवा डोंगराआड असला की फोन त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकदीनं लहरी सोडतो आणि रेंज गेली की ती शोधत राहतो. त्यामुळे शहरात दिवसभर पुरणारा फोन खोऱ्यातल्या गावात दुपारीच मान टाकायचा. ते दिवस भारनियमनाचे होते, तेव्हा चार्जिंगही वेळापत्रक पाहूनच करावं लागे. आठवडाभर टिकणारा कळांचा फोन पुष्कळांनी दुसऱ्या खिशात राहू दिला, तो याच हिशेबानं.

चौकोनांमागची मराठी

तरुण पोरांची तक्रार वेगळी होती. फोनवर इंटरनेट आलं, पण मराठी दिसेना. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांमध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. काही फोनांत अक्षरं दिसत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं घरंगळलेली आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी पडलेली.

यावर एक तोडगा तोंडोतोंडी पसरला. ऑपेरा मिनी हा ब्राउझर उघडायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं इंग्रजीत टाइप करायचं, यादीच्या तळाशी जायचं आणि अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याच्या पर्यायावर ‘यस’ निवडायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचा आणि चौकोनांच्या जागी नीट वाचता येणारी मराठी उमटायची. आपल्या भाषेसाठी लोकांनी यंत्राच्या पोटात हात घातला, ही मला त्या काळातली फार मोलाची गोष्ट वाटते. अँड्रॉइड ४.० पासून देवनागरीचा फॉन्ट फोनातच येऊ लागला आणि ही खटपट हळूहळू संपली.

लिहिण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता, आणि त्याचं एक उत्तर महाराष्ट्रातच सापडलं. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड तयार केला. २०१३ च्या सुमारास तो मराठीत सर्वांना वापरायला मिळाला. त्यात व्यंजनं शाळेत शिकलेल्या क्रमानं मांडलेली असतात. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू. हवं त्या दिशेला बोट सरकवून उचललं की अक्षर तयार. चक्रातला पाय मोडलेला ‘क्’ निवडला, तर कीबोर्डवरची सगळी व्यंजनं लगेच जोडाक्षरं होऊन समोर येतात: क्त, क्य, क्ष.

कळांच्या फोनवर हे होणं शक्य नव्हतं. छापलेली कळ आपलं रूप बदलत नाही. बारा कळांवर अख्खी बाराखडी बसवायची म्हणून एकेका अक्षरासाठी चारपाचदा दाबावं लागे. बोटाची खूण काढून घेणारी ती सपाट काच लिपीसाठी मात्र मोकळी पाटी ठरली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीची भर पडली, तेव्हा ज्यांना लिहिण्याचा कंटाळा किंवा धास्ती होती, त्यांनाही वाट मिळाली.

बांधावरचा सरकारी फोन

हा जुना हिशेब आज मांडण्याचं कारण आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरायचं, पिकाचा फोटो काढायचा. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई अशा कामांत ती लागते. खरिपाची नोंद करायची ती पावसाळ्यात, म्हणजे मुळशीतल्या भात खाचराच्या बांधावर, ओल्या हातानं, अर्ध्यामुर्ध्या रेंजमध्ये.

आजच्या काचा पहिल्या फोनांपेक्षा पुष्कळ सुधारल्या आहेत, काही तर थेंब आणि बोट यांतला फरकही बऱ्यापैकी ओळखतात. पण भिजलेली काच आजही चकते, घट्ट्यांचं बोट आजही दोनदा टेकवावं लागतं आणि डोंगराआड रेंज आजही जाते. २०१० च्या सुमारास हा त्रास झाला, तेव्हा एखादा फोन हुकायचा. आज त्याच त्रासानं सातबाऱ्यावरची नोंद अडू शकते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शेतकऱ्यासाठी अ‍ॅप करणाऱ्यांनी ते वातानुकूलित खोलीत तपासून थांबू नये. श्रावणातल्या पावसात मुळशीच्या एखाद्या बांधावर उभं राहून, चिखलाच्या हातानं ते चालवून पाहावं. बटणं मोठी ठेवावीत, टाइप करण्याऐवजी मराठीत बोलून भरता यावं, रेंज नसताना भरलेली माहिती फोनातच राहावी आणि रेंज आल्यावर आपोआप जावी. यातली एकही गोष्ट आजच्या तंत्रज्ञानाला जड नाही. हिंजवडीत बसून हे काम करू शकणारे हजारो हात याच तालुक्यात आहेत. कुठं काय अडतं, हे पहिल्या टचस्क्रीनच्या मालकांनी कधीच सांगून ठेवलं आहे. त्यांचं ऐकून घेणं तेवढं बाकी आहे.