दुर्बिणीवरील दव आणि दुर्बिणीचे शीतन

दुर्बिणीच्या काचेवर दव साचू न देणे आणि निरीक्षणापूर्वी दुर्बीण बाहेरच्या हवेच्या तापमानाला आणणे, या हौशी आकाशनिरीक्षणातील दोन वेगळ्या, पण परस्परांशी निगडित बाबी आहेत. बीड जिल्ह्यात त्यांचे महत्त्व ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने दवाचा त्रास सहसा होत नाही. मात्र दिवसभर तापलेली दुर्बीण लवकर निवत नाही. पावसाळ्यानंतर स्थिती उलटते. मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहण्याचे हिवाळी दिवस हेच दवाचेही दिवस असतात.

==दव==
निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करते व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवेचे तापमान १५° से. व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असल्यास दवबिंदू सुमारे ११.६° से. असतो, काच चार अंशांनी अधिक निवली, की तिच्यावर दव धरते. गोदावरीकाठच्या व ओलिताच्या सखल शेतांत थंड, दमट हवा साचते. त्यामुळे बालाघाटाच्या डोंगरउतारावरील जागा तुलनेने बरी ठरते.

भिंगाच्या दुर्बिणीचे वस्तुभिंग व श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीची पुढची काच आकाशाला थेट सामोरी असल्याने त्यांना सर्वाधिक धोका असतो. न्यूटनीय दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित राहतो. तिच्यात बहुधा दुय्यम आरसा, नेत्रिका आणि शोधक दुर्बीण यांवर दव येते. काचेच्या व्यासाच्या दीड ते दोनपट लांबीचे दवरोधक नळकांडे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फोमच्या चटईचा तुकडाही पुरतो. ते अपुरे पडल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीवरील तापपट्टी काचेच्या कडेभोवती गुंडाळतात. काच दवबिंदूहून एखाद-दोन अंश उबदार ठेवणे पुरेसे असते. दव कापडाने पुसू नये; धुळीच्या कणांनी काचेवरील लेपाला चरे पडतात.

==शीतन==
उबदार आरशालगतची हवा वर चढते व ताऱ्याची प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलते. गुरूचे पट्टे अशा वेळी दिसत नाहीत, आणि दोष पुष्कळदा विनाकारण आरशाला दिला जातो. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर ठेवणे व मुख्य आरशामागे लहान पंखा चालवणे, हे उपाय प्रचलित आहेत. जाड आरसा व बंद नळी यांना अधिक वेळ लागतो. तापपट्टी जास्त तापवल्यास हाच दोष नव्याने उद्भवतो.

निरीक्षणानंतर थंड दुर्बीण घरात नेताना झाकण बाहेरच लावतात, अन्यथा घरातील उबदार, दमट हवेमुळे काचेवर पुन्हा दव येते. काच आधीच ओली असल्यास मात्र ती घरात उघडी ठेवून पूर्ण वाळवावी लागते. ओलसर पेटीत बंद राहिलेल्या काचेवर बुरशी चढते.